शू जमते, शी नाही: पावणेतीन वर्षांच्या मुलाचा डायपर सोडवताना

ताई, तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं. मुलगा पावणेतीन वर्षांचा. खानापूरजवळच्या गावात एकत्र कुटुंबात राहता, मिस्टर पुण्याला नोकरीला. जूनमध्ये नर्सरीत घालायचंय आणि डायपर लावणारं मूल घेणार नाही असं शाळेनं बजावलंय. शू तो बहुतेक वेळा सांगून करतो. शी मात्र डायपरमध्येच, तीही कपाटामागं जाऊन, उभ्यानं. पॉटवर बसवलं की ताठ होतो आणि रडतो. दोन-दोन, तीन-तीन दिवस करतच नाही. सासूबाई म्हणतात, डायपरनं पोराला बिघडवलंत. आणि विचारताय ते असं, की जूनच्या आत हे सगळं कसं बसवू?

मी आधी मुलांच्या वॉर्डात नर्स होते आणि आता बरीच वर्षं बेळगावात, वडगावला, पाळणाघर चालवते. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या आया दर उन्हाळ्यात असतात, कारण शाळा जूनची असते. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य वाटलं ते शाळेचं नाही, "तीन-तीन दिवस करतच नाही" हे. तुमच्या मुलाला शू कळते, सांगता येते, थांबवता येते. म्हणजे शिकण्याचा भाग त्यानं केलाय. शी अडलीय ती त्याला दुखेल अशी भीती वाटते म्हणून, असा माझा अंदाज आहे. तो खरा असेल तर पॉटवर बसवण्याचा सराव वाढवून काही होणार नाही, उलट बिघडेल.

अंदाज खरा की खोटा ते तुम्हीच तपासू शकता. तो कपाटामागं असताना एकदा लांबून नीट बघा, हाक मारू नका. टाचा उचलून चवड्यांवर उभा राहतो का? पाय एकमेकांवर घट्ट दाबतो का? कपाटाची कड धरून अंग आवळतो, तोंड लाल होतं? घरातलं कुणीतरी लगेच म्हणतं, "जोर लावूलालाय बघ." बहुतेक वेळा तो बरोबर उलटं करत असतो. शी आलीय आणि तो ती आत ढकलतोय. मग डायपर उघडून बघा, लेंड्या निघतात का, की एकदम जाड, कोरडी, मोठ्या माणसाएवढी? कधी पुसताना रक्ताचा बारीक रेघोटा दिसला होता का? कधीतरी ताप, प्रवास, दूध बदलणं, असं काहीतरी निमित्त होऊन एखादी कडक शी झालेली असते. ती एकदा दुखते आणि मूल ठरवून टाकतं की हे पुन्हा करायचं नाही.

पुढं काय होतं ते सांगते, म्हणजे औषध का लागतं ते कळेल. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. शी जितकी आत राहील तितकी कोरडी होत जाते, वर नवी साठते, गोळा मोठा होतो. शेवटी ती येते तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुखते, आणि मुलगा आणखी घट्ट धरतो. गुदाशय सारखा ताणलेला राहिला की जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा सैल पडतो, मग "शी आली" हा निरोपच नीट पोचत नाही. अशा मुलांच्या चड्डीला कधीकधी पातळ डाग लागतात. कडक गोळ्याच्या बाजूनं पातळ शी पाझरते. घरात वाटतं जुलाब झाले, आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं जातं. ते तर अजिबात नको.

तेव्हा पहिलं काम शी मऊ करणं. इथं खाण्याकडं बघावं लागतं. आपल्याकडं या वयाच्या मुलाचा दिवस मला न विचारता सांगता येतो. उठल्यावर बाटलीभर दूध, दुधात मारी बिस्किटं, दहाला पुन्हा दूध, दुपारी आमटीभाताचे चार घास, संध्याकाळी कुरकुरीत पाकिटातलं काहीतरी, झोपताना "उपाशी झोपेल" म्हणून परत दूध. दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध जात असेल तर ते आधी कमी करा, आणि बाटली बंद करून पेल्यातून द्या. बाटली गेली की दूध आपोआप कमी होतं. पोटात जागा झाली की जेवण जातं. तुमच्या भागात नाचणी आहे, तिची आंबील द्या. उकडलेलं रताळं कुस्करून थोडं तूप घालून द्या, बेळगाव तालुक्यात त्याला तोटा नाही. पपई, पिकलेलं केळं, वरणात शिजवलेली पालेभाजी, भाकरीचा मऊ पापुद्रा आमटीत चुरून. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून. अख्ख्या देऊ नका, घशात अडकतात. पाणी एकदम पेलाभर पाजायला जाऊ नका, पण त्याचा छोटा तांब्या त्याच्या हाताला येईल असा ठेवा.

पण स्पष्ट सांगते, जे मूल आधीच धरून ठेवायला लागलंय त्याला नुसत्या मनुकांनी बरं वाटेल असं सहसा होत नाही. बालरोगतज्ज्ञांकडं जा. ते पोट चाचपून बघतील आणि बहुधा शी मऊ ठेवणारं औषध देतील, लॅक्टुलोज किंवा पॉलीइथिलीन ग्लायकॉल. मात्रा वजनावरून ठरते, ती त्यांनीच ठरवायची. ही औषधं आतड्यात पाणी धरून ठेवतात. आतड्याला त्यांची सवय लागते या भीतीनं आया दोन चांगल्या शी झाल्या की बाटली फडताळात ठेवून देतात, आणि तिसऱ्या आठवड्यात परत माझ्याकडं तेच रडगाणं. भीती विसरायला मुलाला बरेच दिवस न दुखता शी व्हावी लागते. औषध काही महिने चालू शकतं. बंद कधी करायचं, तेही डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरातलं कुणी साबणाची कांडी किंवा एरंडेल लावलेला पानाचा देठ घालायला सांगेल. घालू नका. शी होते, नाही असं नाही. पण ज्या जागेची त्याला आधीच भीती बसलीय तिथंच आपण जबरदस्ती केलेली असते, आणि साबणानं आतली कातडी चुरचुरते ती वेगळीच. पोटातून एरंडेल पाजणंही या वयात नको.

डॉक्टरांकडं लवकर, वाट न बघता जायचं ते कधी, तेही लिहून ठेवते. जन्मापासूनच शीचा त्रास आहे किंवा जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, पोट फुगून टणक राहतं, उलट्या होतात, वजन वाढत नाही, शीत नेहमी रक्त असतं, पाठीच्या तळाशी खोल खळगा किंवा केसांचा पुंजका आहे, चालण्यात पाय कमजोर वाटतात, शू सतत थेंबथेंब गळते, शू करताना रडतो आणि ताप येतो. सुकं राहायला लागलेलं मूल अचानक सारखं ओलं व्हायला लागलं, खूप तहान लागतेय आणि वाळत चाललंय, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही.

आता जागेचं बघू. तुम्ही लिहिलंय की घरात परसातला भारतीय पद्धतीचा संडास आहे आणि माडीवर नवा कमोड. दोन्ही ठिकाणी तुमच्या मुलाच्या उंचीवर बसून बघा, म्हणजे कळेल. परसातल्या भांड्याचं भोक त्याच्या दोन पावलांमधल्या अंतराएवढं आहे. पाय घसरेल, आत पडेन, असं त्याला वाटतं आणि ते वाटणं खोटं नाही. वर अंधार, कोळिष्टकं, पावसाळ्यात ओली फरशी. कमोडवर पडण्याची भीती कमी, पण पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसतील तर मोठ्या माणसालाही नीट जोर लावता येत नाही. उकिडवं बसल्यावर गुदाशयाचा वाक सरळ होतो आणि शी सहज उतरते, हे आपल्या जुन्या पद्धतीतलं खरंच चांगलं आहे. म्हणून या वयाला मला जमिनीवर ठेवायचा बुटका प्लॅस्टिकचा पॉट सगळ्यांत बरा वाटतो. गुडघे कमरेपेक्षा वर येतात, पावलं पूर्ण टेकतात. कमोडच वापरणार असाल तर वर लहान मुलांची रिंग आणि पायाखाली पाट किंवा पक्कं स्टूल. गाणी वाजणारे, दिवे लागणारे पॉट मिळतात. मुलं त्यांच्याशी खेळतात, बाकी काही करत नाहीत.

यापुढचा भाग पुष्कळजणांना उलटा वाटतो. शी मऊ व्हायला लागली तरी लगेच डायपर काढून घेऊ नका. त्याला डायपरमध्येच करायची सवय आहे, तो काढून घेतलात तर तो पुन्हा धरेल, आणि आपण आठवडाभर मागं. डायपर राहू द्या, जागा बदला. तो कपाटामागं निघाला की "चल, न्हाणीत जाऊन कर" एवढंच. न्हाणीत उभा राहून डायपरमध्ये केली तरी शाबासकी. हे काही दिवस सहज व्हायला लागलं की डायपर घालूनच पॉटवर बसू दे. मग डायपर सैल बांधा. मग डायपरला खाली कात्रीनं भोक पाडा आणि तसाच घालून बसवा. हे ऐकून आया हसतात, पण त्याच्या अंगाला डायपर लागतोय आणि शी मात्र पॉटमध्ये पडतेय, हे मुलाला खूप धीर देणारं असतं. भोक मोठं करत न्या. एक दिवस तो स्वतःच म्हणतो, नको हे. प्रत्येक पायरीला किती दिवस, ते मुलावर आहे. काही मुलं आठवड्यात सगळं करतात, काहींना महिना-दीड महिना लागतो. पायरी अवघड गेली तर एक खाली उतरायचं आणि त्याबद्दल त्याला बोलायचं नाही.

तर क्रम असा झाला: मऊ शी, मग ठरलेली जागा, मग डायपर सोडणं. उलटा लावला की बसत नाही.

बसवायचं कधी? जेवणानंतर पाऊण तासाच्या आत. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराचीच सोय आहे. सकाळच्या खाण्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर बसवा, पाच मिनिटं, फार तर दहा. मोबाईल देऊ नका, त्यात गुंगला की पोटाकडं लक्षच राहत नाही. साबणाचे फुगे फुंकू दे किंवा पिपाणी वाजवू दे. फुंकताना पोटाचे स्नायू आपोआप दाबले जातात, "जोर लाव" म्हणावं लागत नाही. झाली तर ठीक, नाही झाली तरी उठून खेळायला. बक्षीस द्यायचं तर बसल्याचं द्या, झाल्याचं नको. शी होणं त्याच्या पूर्ण हातात नाही. हातावर एक शिक्का, भिंतीवरच्या कागदावर एक टिकली, बास. प्रत्येक वेळी कुंद्यासारखी मिठाई द्यायला लागलात तर पोरगं शीपेक्षा कुंद्यासाठी बसेल आणि आजोबांच्या साखरेची पंचाईत होईल.

शूचं तुमचं जमलंय, त्यात दोनच सुधारणा सुचवते. "शू आली का?" असं विचारणं बंद करा. खेळात असलेलं मूल या प्रश्नाला नेहमी "नाही" म्हणतं. या वयात मूत्राशयात साधारण 100 ते 150 मिली मावतं, म्हणजे दीड-दोन तासांनी वेळ होतेच. उठल्यावर, अंघोळीआधी, बाहेर पडताना, झोपण्याआधी, "चल, शू करून येऊ" म्हणून सरळ न्यायचं. दुसरं, त्याला सध्या बसून शू करू दे. आपल्याकडं काका, आजोबा कौतुकानं उभं राहून झाडाखाली करायला शिकवतात. गंमत असते, पण उभ्यानं करायची सवय झालेला मुलगा शीला बसायला आणखी कुरकुरतो, आणि शाळेच्या संडासात त्याला झाड दिसत नाही. बसल्यावर थोडं पुढं वाकायला आणि शूची जागा खाली धरायला शिकवा, नाहीतर धार पॉटच्या वरून समोर उडते. उभ्यानं करणं पुढं वडिलांकडं बघून दोन दिवसांत येतं.

मुलगाच आहे म्हणून आणखी एक. अंघोळ घालताना शूच्या जागेची पुढची कातडी मागं ओढून साफ करायची पद्धत काही घरांत अजून आहे, मालिशवाल्या बायकाही करतात. करू नका. या वयात ती कातडी चिकटलेली असणं नैसर्गिक आहे, वाढत्या वयात आपोआप सुटते. ओढली तर चिरते, दुखतं, आणि मग शूही धरून ठेवणारा मुलगा तयार होतो. बाहेरून पाण्यानं धुणं पुरे. शू करताना त्रास होत असेल, धार अगदी बारीक येत असेल किंवा टोक लाल होऊन सुजलं असेल तर मात्र दाखवा.

सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं सगळं खोटं नाही, आणि तुम्ही त्यांच्याशी भांडून उपयोगही नाही. त्या काळी बाळ मान धरायला लागलं की आई पाय पसरून दोन पावलांवर त्याला बसवायची, तोंडानं "सूऽऽ" करायची, आणि व्हायचंही. तिथं वेळ आईनं हेरलेली असे, सांगणारं मूल नसे. शिवाय लंगोट ओला झाला की गार लागायचा, मुलाला कळायचं. आत्ताचा डायपर ओलं कळूच देत नाही. त्यामुळं डायपरबद्दल त्यांचा राग मला निम्मा पटतो. पण मुलाचं स्वतःचं नियंत्रण साधारण दीड-दोन वर्षांनंतरच येऊ लागतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी 1962 साली 1,170 मुलांच्या नोंदी मांडल्या होत्या. मुलाच्या तयारीनं घेतलं तर दिवसाची सवय सरासरी 28.5 महिन्यांना लागली, असं त्यात दिसलं. सरासरी म्हणजे पुष्कळजण त्याच्या पुढं असतात, आणि मुलगे मुलींपेक्षा थोडे मागं असतात. तुमचा 33 महिन्यांचा मुलगा शू सांगतो, म्हणजे बिघडलेला वगैरे काही नाही. सासूबाईंना काम द्या. आंबील त्यांच्याकडं, रात्रीच्या जेवणानंतर पॉटजवळ बसून गोष्ट सांगणंही त्यांच्याकडं. फक्त एवढं कबूल करून घ्या की चुलतभावाशी तुलना नाही, "शीऽ घाण" नाही, आणि चड्डीत झाली तर पाठीत धपाटा नाही. चड्डीत झाली की "झाली का, चल धुऊ", इतकंच. फडकं त्यानं आणावं, शिक्षा म्हणून नाही, कामात हात म्हणून. डायपरमधली शीसुद्धा त्याच्यासमोर संडासात टाका, पाणी त्याला ओतू दे, आणि दोघांनी साबणानं हात धुवा. लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असा समज आहे. तिच्यातून रोग मोठ्यांच्या शीसारखेच पसरतात.

जूनचं आता. मार्च चालू आहे, म्हणजे आजच डॉक्टरांकडं गेलात तर हाताशी अडीच-तीन महिने आहेत, आणि ऊन आहे. खानापूरच्या पावसात एका दिवसाला सहा चड्ड्या वाळवायच्या म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळं घरात चड्डीवर ठेवायचं ते एप्रिल-मेमध्येच. नाडीच्या, बटणाच्या पँट बाजूला ठेवा. सैल इलॅस्टिकची चड्डी, जी त्याची त्याला खाली करता येते. गावची जत्रा किंवा घरचं लग्न असेल त्या आठवड्यात नवी पायरी सुरू करू नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि संडासाबाहेर रांग.

तरीही जूनपर्यंत शी पूर्ण जमलीच नाही तर? शाळेत तो असणार तीन-चार तास. सकाळच्या खाण्यानंतरची शी घरी व्हायला लागली की शाळेत बहुतेक दिवस वेळच येत नाही. शाळेला खरी अडचण ओल्या चड्डीची असते आणि तो भाग तुमचा झालेला आहे. बाईंना स्वतः भेटून सांगा, औषध चालू आहे हेही सांगा, आणि त्या कन्नड बोलणाऱ्या असतील तर शू-शीला तो काय म्हणतो ते त्यांना माहीत करून द्या. शाळा सुरू होण्याआधी एकदा तिथला संडास त्याला दाखवून आणा, कडी, नळ, तांब्या सगळं. तेवढं करूनही शाळा अडून बसली, तर मी तुमच्या जागी असते तर प्रवेश दोन-तीन महिने पुढं ढकलला असता. तोवर तो गावच्या अंगणवाडीत जाऊ शकतो. तिथं तीन वर्षं पूर्ण झालेली मुलं घेतातच.

रात्रीचा डायपर यात धरूच नका. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही, त्याला शरीर पिकावं लागतं. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं आजारात मोजत नाहीत, आणि मुलग्यांत ते जास्त दिसतं. सकाळी डायपर सलग बरेच दिवस कोरडा मिळाला की काढा आणि गादीवर मेणकापड घाला.

शेवटी तुम्ही विचारलंय, मे महिन्यात मिस्टरांकडं पुण्याला जाताना बसमध्ये डायपर घातला तर सगळं मुसळ केरात जाईल का? नाही. घाला. त्याला "ही बसची चड्डी" म्हणून सांगा, गाडी थांबेल तिथं शूला उतरवा, आणि पुण्यात उतरल्या उतरल्या काढा. त्याचा पॉट पिशवीत घालून बरोबर न्या, औषधाची बाटलीही. प्रवासात आणि नव्या घरात मुलं एक-दोन दिवस शी करत नाहीत, तेव्हा नेमकी मात्रा चुकवू नका.